खंडेनवमीचा भूकंप

खंडेनवमीच्या सकाळी रत्नाकाकी मगदूम एकाच वेळी तीन हजार ठिकाणांहून बोलल्या आणि कोल्हापूरजवळच्या त्या औद्योगिक वसाहतीतलं सगळं काम जागच्या जागी थांबलं. खुद्द काकी त्या वेळी घरी ओट्यापाशी उभ्या राहून कटाच्या आमटीला फोडणी देत होत्या. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"मला मार बसलाय," क्रेनचे हुक, साखळ्यांच्या कड्या, प्रेसचे दांडे, सगळे काकींच्या आवाजात म्हणाले. "आता मी काम करणार न्हाई. आधी मला तपासा."

काकींची सून केतकी तेव्हा वसाहतीच्या कार्यालयात प्रसादाचा पेढा तोंडात टाकत होती. तिच्या टेबलावरचा पडदा पिवळा झाला, मग लाल झाला आणि त्यावर अक्षरं उमटली : 'तीव्र भूकंप. केंद्र वसाहतीच्या बरोबर खाली.' केतकीने छताच्या पंख्याकडे पाहिलं. पंखा स्वस्थ होता. पेल्यातलं पाणी स्वस्थ होतं. खिडकीबाहेरचं कुत्रं तर इतकं स्वस्थ होतं की ते जिवंत आहे की नाही याची खात्री करावीशी वाटत होती. बाहेर लोक एकमेकांना खोबऱ्याचे तुकडे वाटत होते. भूकंप आलेला असला तर तो फक्त लोखंडाला कळला होता.

आता हा घोळ समजायला थोडं मागे जायला हवं. फार नाही, वर्षभरच.

या गावात पिढ्यान्‌पिढ्या लोखंड ओतत. भट्टीत वितळवायचं, साच्यात सोडायचं, निवलं की बाहेर काढायचं. पुढे धातूचे प्रिंटर स्वस्त झाले आणि लोक लोखंड छापायला लागले. छापायचं म्हणजे पिठासारखी बारीक पोलादी पावडर पातळ थरात पसरायची, जिथे वस्तू हवी तिथेच लेझरने वितळवायची, वर दुसरा थर पसरायचा, पुन्हा वितळवायची. हजारो थर झाले की पावडरीच्या ढिगातून अख्खा हुक बाहेर येतो. ना साचा, ना धूर. अडचण एकच. ओतलेल्या लोखंडाच्या खोडी माणसाला शेकडो वर्षं माहीत आहेत. छापलेल्याच्या खोडी नव्या. मधला एखादा थर नीट वितळला नाही तर पोटात पोकळी राहते, वरून वस्तू आरशासारखी चकचकीत दिसते, आणि एक दिवस माल डोक्यावर येतो.

म्हणून कारखान्यांच्या सुरक्षेचा नवा नियम आला. छापलेली, वजन पेलणारी प्रत्येक वस्तू आपल्या पोटात साक्षीदार घेऊन जन्मली पाहिजे. छापतानाच केसाएवढी एक संवेदक तार तिच्या आतून गुंडाळत न्यायची. वस्तूवर किती ताण येतो, कुठे मार बसतो, कुठे बारीक तडा जाताना आवाज होतो, हे ती तार टिपून ठेवते. धोका वाटला की वस्तू स्वतःहून काम बंद करते. आधी नुसता दिवा लावून पाहिला. लोकांनी दिव्यावर फडकं टाकलं. मग मोबाइलवर संदेश पाठवून पाहिले. ते कुणी वाचले नाहीत. शेवटी नियमात लिहून आलं की वस्तूने तोंडाने बोलावं, आणि स्थानिक कामगार ऐकतील अशा आवाजात बोलावं.

असा आवाज कुणाचा, यावर कारखानदार संघाची बैठक बसली. अध्यक्ष होते भूपाल मगदूम, म्हणजे केतकीचे सासरे. त्यांना सगळे अण्णा म्हणत. अण्णांनी क्षणाचाही विचार केला नाही. "आमच्या हिचा घ्या," ते म्हणाले. "लग्न झाल्यापासून मला तरी त्या आवाजाला न्हाई म्हणायला जमलेलं न्हाई." पुण्याहून आलेल्या तरुण अभियंत्यांनी काकींचा आवाज भरून नेला. बाई असून त्या 'मी करतो, मी जातो' असं का बोलतात, हे त्यांनी भीत भीत विचारलं. इकडच्या बायका तशाच बोलतात, असं अण्णांनी त्यांना सांगितलं आणि विषय मिटला.

आवाज लागू पडला. कुठल्याही कारखान्यात जा, जादा वजन घातलं की वरून काकी म्हणायच्या, "बास की आता, किती घालतायसा?" आणि सहा फुटी गडी निमूट वजन उतरवायचा. जाच होता तो फक्त केतकीला. ती वसाहतीची सुरक्षा तपासनीस. छोट्या कारखान्यांना स्वतंत्र माणूस परवडत नाही म्हणून संघाने मिळून नेमलेली. कायद्याच्या भाषेत 'सक्षम व्यक्ती', म्हणजे जिच्या सहीशिवाय कुठलाही हुक कुणाच्या डोक्यावरून जाऊ शकत नाही ती. सकाळी घरी सासूबाई, दिवसभर दोनशे कारखान्यांत सासूबाई, संध्याकाळी पुन्हा घरी सासूबाई. अण्णा गमतीने तिला घरातही सक्षम व्यक्ती म्हणत आणि काकी त्यावर हमखास विचारत, "मग सक्षम व्यक्ती, भाकरी आज तरी फुगली का?"

तर खंडेनवमी. त्या दिवशी कारखान्यांत यंत्रांची पूजा होते आणि नारळ फुटतो, हे सगळ्यांना माहीत आहे. पण बाकीकडे नारळ यंत्रापुढच्या फरशीवर फोडतात. या वसाहतीत तो लोखंडावरच फोडायचा, ही ओतकामाच्या काळापासूनची रीत. वस्तू बोलायला लागल्यानंतरची ही पहिलीच खंडेनवमी, आणि त्या सकाळी मुहूर्ताला दोनशे कारखान्यांत तीन हजार छापील वस्तूंच्या टाळक्यात नारळ बसले. ज्यांनी या सगळ्या वस्तूंना एकत्र जोडणारी यंत्रणा बांधली त्यांनी भूकंप धरला होता, पूर धरला होता, आग धरली होती. नारळ धरला नव्हता. इतक्या वस्तूंना एकदम धक्का बसलाय, आणि कोयना काही लांब नाही. यंत्रणेने आपल्या परीने शहाणपणाचा निष्कर्ष काढला आणि सगळ्यांना घरी बसवलं.

संघाच्या सभागृहात दुपारी नुसता कल्ला होता. दिवाळी तोंडावर. पंपांच्या ऑर्डरी बांधून ठेवलेल्या. प्रत्येक वस्तू उतरवून क्ष-किरणांनी तपासायची तर दिवाळी काय, संक्रांत उजाडली असती. अण्णा खुर्चीत बसून हसत होते, कारण त्यांनी नियमावली वाचली होती.

"कलम हाय," ते म्हणाले. "कारण माहीत असंल आणि निरुपद्रवी असंल, तर सक्षम व्यक्तीनं एक सही करायची. सगळ्या वस्तू मोकळ्या. कारण माहीत हाय. नारळ. निरुपद्रवी हाय का? आपण सगळे खाऊन बसलोय."

सभागृह हसलं. केतकीही हसली. तिने सहीसाठी पडद्यावर बोट टेकवायला हात पुढे केला. नियमाप्रमाणे वर एक ओळ आली : 'सही होताच आघाताच्या सर्व नोंदी पुसल्या जातील.'

तिचा हात थांबला.

नोंदी कसल्या? मडकं घेताना आपण त्याच्यावर टिचकी मारतो. चांगलं मडकं खणखणतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. पोलादाचंही तसंच असतं. धक्का बसला की प्रत्येक वस्तू थरथरते आणि तिचा असा एक सूर निघतो. टिचकी हळू मारली तर आवाज लहान, जोरात मारली तर मोठा, पण सूर तोच. छापून झाल्यावर प्रत्येक वस्तूचा जन्माचा सूर कारखान्यातच नोंदलेला असतो. आत तडा वाढत असेल तर तो सूर उतरतो. केतकीच्या एकदम लक्षात आलं की आज सकाळी गावाने तीन हजार वस्तूंना टिचकी मारून पाहिली आहे, आणि उत्तर त्या वस्तूंच्या पोटात लिहिलेलं आहे. आपण ते न वाचताच पुसायला निघालो आहोत.

"मला दोन दिवस द्या," ती म्हणाली.

हसणं थांबलं. अण्णांनी चष्मा काढला. चारचौघांत सुनेने शब्द मोडावा, याची त्यांना सवय नव्हती. "दोन दिवसांत तू काय करणार?"

"नारळ कसे वाजले ते ऐकणार."

हे उत्तर खरं होतं, पण सभेत चांगलं दिसलं नाही. मागून कुणीतरी म्हणालं की शिकलेल्या पोरींचं असंच असतं. अण्णा उठून गेले.

दसऱ्याच्या दिवशी मगदूमांच्या घरात सोनं वाटलं गेलं, पुरणपोळ्या झाल्या, आणि अण्णा सुनेशी एक अक्षर बोलले नाहीत. काकी मात्र बोलत होत्या. "सही करून टाक की गं. काय होत न्हाई," त्या म्हणाल्या. हे त्यांचं कायमचं वाक्य. दूध फाटलं, काय होत न्हाई. गॅस गळतोय, खिडकी उघड, काय होत न्हाई. "दहा हजार माणसांची दिवाळी तुझ्या बोटावर अडलीया. नवऱ्याचा कारखाना बंद, सासऱ्याचं नाक खाली. आणि कशापायी, तर नारळ."

 केतकीने पुरणपोळी अर्धी ठेवली आणि संगणक घेऊन गच्चीवर गेली. तिचा नवरा शीतल मागोमाग आला. शीतल वडिलांच्याच कारखान्यात क्रेनखाली माल चढवणं-उतरवणं बघायचा. त्याने वसाहतीची एक बाजू घेतली, तिने दुसरी, आणि दोघं मिळून जन्माचे सूर आणि नारळाचे सूर जुळवत बसले. जुळत गेले. एकेक कारखाना हिरवा होत गेला. केतकीच्या जिवात जीव येत होता. उद्या सकाळी सही करू, अण्णांच्या पाया पडू, वर्षभर टोमणे ऐकू, मिटलं.

शेवटी एकच वस्तू उरली. ती जुळली नाही. दोघांनी पुन्हा पाहिलं. सूर उतरला होता, आणि थोडाथोडका नाही.

"कुणाचा हाय?" शीतलने विचारलं.

"आपला," केतकी म्हणाली. "अण्णांच्या क्रेनचा हुक."

 तो हुक म्हणजे अण्णांचा जीव. साठीला भट्टी विझवून त्यांनी प्रिंटर घेतला, लोक हसले, आणि त्याच प्रिंटरवर सगळ्यात पहिली छापलेली वस्तू ती. येईल त्या पाहुण्याला अण्णा आधी तो हुक दाखवायचे आणि मग चहा द्यायचे. शीतल रोज त्याच हुकाखाली उभा असायचा.

"ऐक," तो म्हणाला. "तू सही कर. मी गुपचूप हुक बदलतो. अण्णांना वाईट वाटायला नको."

केतकीला मोह झाला. खोटं कशाला सांगायचं, चांगलाच झाला. घरात शांतता, वसाहत चालू, शीतल सुखरूप. पण मग तिने विचारलं, "तडा कशानं गेला हे तुला माहीत आहे?"

"न्हाई."

"मलाही नाही. तार आत असून तिला तो ऐकू कसा आला नाही, हेही माहीत नाही. ज्या कारणाने हा गेला तेच आणखी कशात असेल तर? तो मोडून आत बघायला पाहिजे. आणि तू उद्या त्याच्याखाली जायचं नाहीस. परवाही नाही."

अण्णांना सांगायचं काम तिने स्वतःच केलं. अण्णा झोपाळ्यावर बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि दोन दिवसांत पहिल्यांदा तिच्याशी बोलले. "माझा हुक मोडणार न्हाई," ते म्हणाले. "लाव वजन. न्हाई मोडला तर सगळ्या संघापुढं म्हणायचं, चूक झाली."

"म्हणते," केतकी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कारखान्यामागच्या मोकळ्या पटांगणात हुक टांगला. खाली वाळूचा ढीग, त्याच्यावर लोंबणारी लोखंडी ठोकळ्यांची पेटी, आणि माणसं सगळी भिंतीच्या आड. निम्मी वसाहत आली होती. काकीही आल्या. "नवऱ्याची फजिती मी बघायची न्हाई तर कुणी?" असं त्या वाटेत शीतलला म्हणाल्या.

हुक आपलं एकच पालुपद लावून होता. "मला आधी तपासा. मला आधी तपासा."

"तपासतोय की," अण्णा वैतागून म्हणाले. "जरा गप बस."

"माझ्याशी असं बोलता व्हय?" मागून काकी म्हणाल्या, आणि अण्णा खरोखरच गप बसले.

वजन चढत गेलं. दहा टन झाले, म्हणजे हुकाचं रोजचं काम; चांगल्या हुकाने याच्या दुप्पट तरी पेलायला हवं. हुक तसूभर हलला नाही. अण्णांनी मिशीवर हात फिरवला. अकरा टन झाले. लोक केतकीकडे बघायला लागले. तिला वाटलं, आता चूक झाली म्हणायचं कसं आणि कुठल्या शब्दांत. पेटी बारा टनांची झाली आणि एक बद्द आवाज आला, मडक्यासारखा. पेटी वाळूत अर्धी रुतली. वर हुकाचा निम्मा भाग डुलत राहिला, निम्मा पेटीवर पडला होता आणि काकींच्या आवाजात म्हणत होता, "मला आधी तपासा."

कुणी हसलं नाही. सगळ्यांच्या नजरा आधी रुतलेल्या पेटीवर आणि मग रोज या हुकाखाली उभ्या राहणाऱ्या शीतलवर गेल्या.

केतकीने तुटलेला तुकडा उचलून उजेडात धरला. आतलं पोलाद रव्यासारखं चकाकत होतं. वाकणाजवळ मात्र हरभऱ्याएवढा काळा डाग होता, आणि तडा तिथूनच निघाला होता. साक्षीदार तार त्या डागातूनच जात होती. तिथे तार आणि पोलाद एकमेकांना चिकटलंच नव्हतं. जिथे दुखत होतं नेमकी तिथेच ती बहिरी होती.

"काहीतरी जळलंय आत," केतकी म्हणाली. "पावडरीत काहीतरी पडलं होतं. धान्य, कागद, पान, कसलंही. अण्णा, हा छापला त्या दिवशी काय पडलं असेल?"

"माझ्या पावडरीत काय पडत न्हाई," अण्णा म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

काकी पुढे आल्या. त्यांनी तो काळा डाग पाहिला, पदर तोंडाला लावला आणि खाली वाळूतच बसल्या.

"कुंकू असंल," त्या म्हणाल्या. "उद्घाटनाच्या दिवशी मी चिमूटभर हळदकुंकू टाकलं त्या पावडरीत. भट्टीत पहिल्या दिवशी टाकायचोच की आम्ही. सासूबाईंनी शिकवलं होतं. पोरांना यश येऊ दे म्हणून."

भट्टीत ते कुणाला बाधलं नसतं. वितळलेल्या लोखंडाच्या त्या तळ्यात चिमूटभर कुंकवाचा एका क्षणात धूर व्हायचा आणि वर निघून जायचा. इथे वितळतो तो केसाएवढा थर, तोही पापणी लवेपर्यंतच. धुराला वर जायला वाट मिळाली नाही. तो पोटातच कोंडला, आणि त्याच्यावर हजारो थर चढले.

"माझा शीतल रोज त्याच्याखाली असतो," काकी म्हणाल्या. "मी मारलं असतं त्याला. माझ्या हातानं." त्या रडायला लागल्या आणि शीतल त्यांच्याजवळ वाळूत बसला. केतकीने आपल्या सासूला रडताना कधी पाहिलं नव्हतं. काय करावं ते न सुचून तिने हातातला तुकडा बंद केला, म्हणजे त्याचं तरी बोलणं थांबावं.

अण्णांनी केतकीच्या हातातला तुकडा आपल्या हातात घेतला. मग म्हणाले, "अहवालात माझं नाव लिही. छापखाना माझा, पावडर माझी."

"कुंकू माझं," काकी डोळे पुसत म्हणाल्या. "माझं नाव लिवायचं."

"तुला कोण विचारतंय?"

"तीन हजार ठिकाणी कोण बोलतंय मग?"

केतकीने दोघांचंही नाव लिहिलं नाही. 'कारण : श्रद्धेपोटी मिसळलेला पदार्थ' एवढंच लिहिलं, आणि त्या पहिल्या दिवशीच्या पावडरीतून तो एकच हुक निघाला होता याची तीनदा खात्री करून घेतली. मग बाकी सगळ्यांसाठी सही केली. दुसऱ्या दिवशी सकाळी वसाहत चालू झाली. अण्णांनी संघापुढे उभं राहून चूक झाली असं म्हटलं. कुणी मागितलं नव्हतं, तरी म्हटलं.

कारखाने-सुरक्षा खात्यातल्या मुंबईच्या साहेबांचा मात्र फोन आला. भूकंपाचं काय झालं, त्यांनी विचारलं. केतकीने सांगितलं.  मग साहेब म्हणाले, "म्हणजे तुमच्याकडे वर्षातून एकदा सगळ्या वस्तूंची चाचणी होते, ती फुकट होते आणि कामगार ती हौसेने करतात?" पुढच्या सहा महिन्यांत नियमात दुरुस्ती झाली. समितीला आधी नारळाच्या जागी प्रमाणित हातोडा हवा होता. एका वसाहतीत करून पाहिलं. हातोड्याला कुणी आलं नाही. शेवटी सरकारी कागदावर छापून आलं : 'नारळ मध्यम आकाराचा, शेंडीसह, आत पाणी असलेला. तो वस्तूच्या बाह्य पृष्ठावर फोडावा. पावडरीत कोणताही पदार्थ टाकू नये.' शेवटचं वाक्य कुणासाठी आहे हे वसाहतीत सगळ्यांना माहीत होतं. काकींनी तो कागद देवघरात लावला.

पुढच्या खंडेनवमीला अण्णांच्या कारखान्यात नवा हुक होता. काकी ताट घेऊन आल्या. त्यांनी हुकाला बाहेरून कुंकवाचं बोट लावलं, बोटं पदराला पुसली आणि दोन्ही तळवे उलटसुलट करून केतकीला दाखवले. मग नारळ घेतला आणि दिला ठेवून हुकाच्या टाळक्यात. पाणी उडालं. सगळे कान देऊन उभे राहिले. हुक थरथरला, आपला सूर त्याने आपणच ऐकला, आणि काकींच्या आवाजात म्हणाला, "मी ठणठणीत हाय. काय होत न्हाई. करा काम सुरू."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पेढे निघाले. अण्णांनी पडदा केतकीपुढे धरला. "चला, सक्षम व्यक्ती. सही."

केतकीने बोट पुढे केलं, आणि काकींनी तिचं मनगट धरलं.

"थांब," त्या म्हणाल्या. "ती म्हणतीया म्हणून करू नको."

"आई, आवाज तुमचाच आहे."

"म्हणूनच सांगतो. शीतलला रोज सकाळी डबा देताना मी हेच म्हणत होतो, काय होत न्हाई." त्यांनी हुकाकडे रागाने पाहिलं. "बाईला सवय हाय तसं बोलायची. तू स्वतः बघ. मग कर सही."

केतकीने पेढा ताटात परत ठेवला आणि जन्माचा सूर उघडून बसली. अण्णा फुटलेल्या नारळाची वाटी हातात धरून तिचं होईपर्यंत उभे राहिले, आणि शीतललाही त्यांनी हुकाखालच्या जागेभोवती आखलेल्या पिवळ्या रेघेच्या अलीकडेच उभं केलं.